डोकं कसं आहे?

पहाटे 3.30. पळसप्यात पहाट अशी होत नाही. फाट्यावरून रात्रभर कंटेनर जातच असतात. पुण्याचा जुना रस्ता सरळ आणि गोव्याचा उजवीकडे, त्या बेचक्यात आमचं घर. भांडी हलली की समजायचं, भरलेला ट्रेलर गेला. ऑगस्टमध्ये आम्हाला हिमाचलातली पिन पार्वती खिंड ओलांडायची आहे. तिकडच्या शांततेत झोप लागेल का, ही माझी खरी काळजी.

3.50. वजन. दाराच्या कडीला भाजीवाल्याकडून आणलेला हुकाचा काटा टांगलाय. ह्यांची सॅक 14 किलो, माझी 10. हिशेब सोपा आहे: माणशी दिवसाला 600 ग्रॅम कोरडं अन्न, दोघांचं दहा दिवसांचं 12 किलो. भाजलेला रवा, सातूचं पीठ, मेतकूट, शेंगदाण्याचे लाडू. तंबू आणि दोर वाटाड्या नि पोर्टरकडे, कारण पार्वती हिमनदीवर भेगा असतात आणि तिथे शहाणपणा चालत नाही. गॅसची नळकांडी विमानात नेता येत नाहीत, ती तिकडेच घ्यायची. आज सरावाला अन्नाच्या जागी पाण्याच्या बाटल्या.

5.15. ठाकूरवाडी. शेडुंग फाट्याहून आत वळलं की प्रबळगड आणि कलावंतिणीचा सुळका, मधली ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी खिंड. मेचा शेवटचा रविवार. उन्हाच्या आधी माची गाठायची.

पुढे मी. हा नियम ठरायला आमची लग्नानंतरची वीस वर्षं गेली. आधी हे पुढे जायचे, वळणावर बसून वाट बघायचे आणि मी धापा टाकत पोचले की उठायचे. म्हणजे विश्रांती फक्त ह्यांना. आता हळू चालणारं पुढे.

6.20. ह्यांचा आवाज मागून, "अगं, डोकं?"
"शून्य. तुमचं?"
"शून्य."

कोणी ऐकलं तर वेडे म्हणेल. समुद्रसपाटीवरच्या गावातली दोन माणसं, दर तासाला एकमेकांचं डोकं विचारतायत, शून्य ते दहात. पण सराव करायचाय तो ह्याचाच. खिंड 5319 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब इथल्याच्या अर्ध्याहून जेमतेम जास्त. प्रबळगड 700 मीटरच्या आसपास. शंभर वेळा चढलो तरी विरळ हवा काय असते ते हा डोंगर शिकवणार नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्काम रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायचा नाही, हे कागदावर लिहून झालं. मानतलाई सरोवराशी, 4100च्या आसपास, एक दिवस राखून ठेवला. पण डोकेदुखी, मळमळ, खाण्यावरची वासना उडणं हे ज्याचं त्यालाच कळतं. ते त्याने लपवलं तर दुसऱ्याने काय करायचं? आणि लपवायची सवय संसारात चांगलीच लागलेली असते. "काही नाही हो, बरी आहे." हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन!

7.40. प्रबळमाची. करवंदं अजून आहेत, बोटं चिकट झाली. सरबताच्या टपरीवरच्या ठाकर मावशी सॅककडे बघून विचारतात, "रहायला चाललाव?" उतरताना गुडघे वाचावेत म्हणून ओझ्याचं पाणी वर गेल्यावर ओतून टाकतात, असा रिवाज आहे. इथे मे महिन्यात पाणी ओतायचं? त्या बायांच्या समोर? परतीच्या वाटेवर बाटल्या मावशींच्या हंड्यात रिकाम्या करायच्या, हे पहिल्याच रविवारी ठरलं. तेव्हा त्या हसल्या होत्या, "आम्ही डोक्यावरून आणतो, तुम्ही पाठीवरून."

9.30. घळीतून चढून माथा. अंगाला नुसत्या धारा. समोर इर्शाळगड. त्याच्या पोटाशी 19 जुलै 2023च्या रात्री वाडी गाडली गेली. तिकडे बघताना दोघंही बोलत नाही.

हे मग इतिहासात शिरतात. प्रबळ म्हणजे जुना मुरंजन. 1665च्या पुरंदरच्या तहात गेलेल्या 23 किल्ल्यांत कर्नाळा, माणिकगड नि हा, असे आमच्या अंगणातले तीन. मी ऐकते अर्धंच. माझ्या मनात ठाण्याचे शरद आणि अंजली कुलकर्णी. 2019च्या मेमध्ये दोघं एव्हरेस्टवर गेले. उतरताना अंजलीताई गेल्या. नंतर शरदराव पुन्हा जाऊन शिखरावर पोचले. आमची खिंड त्या मानाने काहीच नाही, दोर लावून चालायची वाट. तरी कुलकर्णींचं नाव आमच्या घरात कोणी मोठ्याने काढत नाही.

"डोकं?" मी विचारते.
"शून्य. तुझं?"
"उन्हाने दोन."
हे लगेच सॅक उतरवून सावलीत बसतात. दोनच्या आकड्याला एवढा मान पूर्वी मिळाला नव्हता.

दुपारी 1.00. खाली. फाट्यावर कोथिंबीर वडी, चहा. मग झोप.

रात्री 8.30. पुन्हा काटा. बाटल्या वगळून माझी सॅक साडेतीन किलो भरायला हवी. काटा दोनवर थांबलाय. उलटी करते: औषधांचा डबा नाही, पावसाळी जाकीट नाही. दोन्ही ह्यांच्या सॅकच्या तळाशी.

"अहो, हे कधी काढलंत?"
"घळीच्या खाली. तू पाणी पीत होतीस."
"न विचारता काही हलवायचं नाही, असं ठरलंय ना?"

हे काटा कडीवरून काढतात, पुन्हा अडकवतात. बाहेर ट्रेलर जातो, भांडी हलतात.

"गुडघा," हे म्हणतात. "उजवा. चार."
"कधीपासून?"
"मागच्या रविवारपासून."

मी डबा नि जाकीट माझ्या सॅकमध्ये भरते आणि कपाटातून तेलाची बाटली काढते.