विदेशी मालावरील बहिष्कार, मुंबईतील
परकीय सत्तेच्या निषेधार्थ तिच्या देशातून येणाऱ्या मालाची खरेदी, विक्री व वापर हेतुपुरस्सर नाकारण्याचे राजकीय साधन. अमेरिकेतील वसाहतींनी अठराव्या शतकात आणि चीनमधील व्यापाऱ्यांनी १९०५ मध्ये ते वापरले होते. स्वदेशी आणि बहिष्कार यांत भेद आहे : स्वदेशीत देशी उद्योगाच्या पोषणावर, तर बहिष्कारात राज्यकर्त्यांची आर्थिक कोंडी करण्यावर भर असतो. व्यवहारात मात्र दोन्ही बहुधा एकत्रच आढळतात.

महाराष्ट्रात या विचाराची बीजे लोकहितवादींच्या लेखनात सापडतात. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारास खादीचा वेष करून उपस्थित राहिले. मँकेस्टरच्या गिरणीमालकांच्या हितासाठी १८९६ मध्ये हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसविण्यात आला, तेव्हा या प्रश्नाला उघड राजकीय रूप आले. वंगभंगानंतर (१९०५) लोकमान्य टिळकांनी बहिष्काराचा पुरस्कार केला. त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, त्या वेळी (जुलै १९०८) गिरणगावातील कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. हा बहिष्कार नव्हता; परंतु परळ-लालबागचा कामगार राजकारणात उतरल्याची ती पहिली मोठी खूण होय.

मुंबईची स्थिती विलक्षण होती. विदेशी कापड उतरून घेणारे बंदर, त्याची घाऊक विक्री करणारी काळबादेवीची मूळजी जेठा मार्केटसारखी पेठ आणि त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या गिरण्या ही सर्व एकाच शहरात, काही मैलांच्या अंतरात होती. बहिष्काराने शहराचे हितसंबंधच दुभंगले. गिरण्यांना त्याचा लाभ होता, आयात करणाऱ्यांना तोटा. आणि ज्याच्यासाठी कापड महाग होई, त्या गरीब गिऱ्हाइकाचे मत क्वचितच विचारले गेले.

टिळकांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या पूर्वसंध्येस, ३१ जुलै १९२१ रोजी, परळ येथे उमर सोबानी यांच्या एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात महात्मा गांधींच्या हस्ते विदेशी कपड्यांची होळी झाली. वस्त्रहीनांच्या देशात कापड जाळणे कितपत न्याय्य, असा आक्षेप सी. एफ्. अँड्रूज यांनी घेतला. रवींद्रनाथ टागोरांनीही विरोध नोंदविला. विदेशी वस्त्र गरिबांना वाटणे म्हणजे त्यांचा अपमान होय, असे गांधींचे उत्तर होते. या वादाचा निर्णय तर्काने झाला नाही. प्रिन्स ऑफ वेल्सच्या आगमनादिवशी (१७ नोव्हेंबर १९२१) पुन्हा होळी झाली आणि त्याच दिवशी दंगल उसळली. राजपुत्राच्या स्वागतास गेलेल्यांवर हल्ले झाले, रस्त्यात लोकांच्या विदेशी टोप्या हिसकावल्या गेल्या. पुढील काही दिवसांत पन्नासांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गांधींनी उपवास केला. स्वेच्छेने करावयाच्या त्यागात सक्ती किती सहज शिरते, हे या प्रसंगी उघड झाले.

कायदेभंगाच्या चळवळीत (१९३०) होळीपेक्षा निरोधनावर, म्हणजे दुकानांपुढे शांतपणे उभे राहून ग्राहकास परावृत्त करण्यावर, भर होता. देशसेविका संघाच्या स्त्रियांनी हे काम प्रामुख्याने केले. हंसा मेहता, पेरीन कॅप्टन, अवंतिकाबाई गोखले या त्या काळातील प्रमुख कार्यकर्त्या होत. अनेक व्यापाऱ्यांनी आपल्याकडील विदेशी कापडाचे साठे काँग्रेसच्या मोहोरेखाली बंद केले. ज्यांनी तसे केले नाही, त्यांचा माल पोलिसांच्या संरक्षणात हलविला जाई. अशाच एका मालमोटारीपुढे १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात बाबू गेनू हा आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा तरुण गिरणी कामगार आडवा झाला आणि तिच्याखाली चिरडून मृत्यू पावला. घटनेची वर्णने तपशिलात भिन्न आहेत. मोटार थांबविली गेली नाही, यावर दुमत नाही. तेथील एका रस्त्यास पुढे त्याचे नाव देण्यात आले.

ब्रिटिश कापडाची भारतातील आयात १९२९-३० मध्ये सु. १२५ कोटी यार्ड होती, ती १९३०-३१ मध्ये सु. ५२ कोटी यार्डांवर आली. हे सर्व श्रेय बहिष्काराचे नव्हे. जागतिक मंदी व १९३० मधील वाढीव आयात जकात यांचाही त्यात मोठा वाटा होता. गांधी-आयर्विन करारान्वये (५ मार्च १९३१) केवळ ब्रिटिश मालाविरुद्धचा राजकीय बहिष्कार मागे घेण्यात आला, परंतु स्वदेशीच्या प्रसारासाठी शांततामय निरोधनास मुभा राहिली. जानेवारी १९३२ मध्ये चळवळ पुन्हा सुरू होताच सरकारने वटहुकूम काढून तीही काढून घेतली.