विश्लेषण : मोबाइलवर गेम खेळून घर चालते का?

बदलापूर पूर्वेच्या शिरगावात संध्याकाळी फेरफटका मारला, तर दुकानांच्या पायऱ्यांवर आणि सोसायट्यांच्या जिन्यांत आडवे मोबाइल धरून बसलेली मुले दिसतातच. त्यातल्या एखाद्याने घरी ‘मला यातच करिअर करायचे आहे’ असे सांगितले की आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, ‘पण पैसे कोण देणार?’ प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर मात्र मुलांना वाटते तेवढे सोपे नाही आणि पालकांना वाटते तेवढे निराशाजनकही नाही.

बक्षिसाचे आकडे किती खरे?

बातम्यांत कोटींचे आकडे येतात, ते बहुतेक बक्षिसांचे असतात. अमेरिकेच्या काइल गिअर्सडॉर्फने २०१९ मध्ये वयाच्या १६व्या वर्षी फोर्टनाइटचा विश्वचषक जिंकून ३० लाख डॉलर मिळवले, हे उदाहरण प्रत्येक मुलाला पाठ असते. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ अर्थात बीजीएमआयच्या २०२१च्या राष्ट्रीय मालिकेत एकूण बक्षीस एक कोटी रुपये होते. विजेत्या स्कायलाइट्झ गेमिंग संघाला ५० लाख मिळाले. म्हणजे निम्मी रक्कम एकाच संघाला, आणि उरलेली निम्मी बाकी सगळ्यांत.

आता कागद-पेन घ्या. ५० लाखांवर सरसकट ३० टक्के कर धरला तर ३५ लाख उरतात. चार खेळाडू आणि एक राखीव, असे पाच वाटेकरी धरले तर प्रत्येकी सात लाख. वर्षभरावर पसरले तर महिना ५८ हजार. संघ चालवणाऱ्या संस्थेचा वाटा अजून कापलेलाच नाही. आणि हा हिशेब देशात पहिल्या आलेल्या संघाचा आहे. विसाव्या क्रमांकाचा नव्हे. वर्षात इतर स्पर्धाही असतात हे खरे, पण त्या सगळ्या एकच संघ जिंकत नाही.

मग पगार कोण देते?

संस्था देतात. मराठी तरुण चेतन चांदगुडे ऊर्फ ‘क्रोनटेन’ यांची गॉडलाइक, मुंबईकर नमन माथुर ऊर्फ ‘मॉर्टल’ आणि सहकाऱ्यांची एसएटयूएल ही त्यातली ठळक नावे. अशी संस्था खेळाडूशी करार करते, महिन्याला मानधन देते, सरावासाठी राहण्या-जेवणाची सोय करते. त्या बदल्यात त्याच्या जर्सीवर मोबाइल, हेडफोन, शीतपेय कंपन्यांची नावे झळकतात. क्रिकेटच्या फ्रँचायझीसारखेच, फक्त तिथले प्रसारण हक्कांचे मोठे पैसे इथे नाहीत. त्यामुळे पगार जवळपास पूर्णपणे प्रायोजकांच्या मर्जीवर अवलंबून. प्रायोजक गेला की संघच बरखास्त होऊ शकतो.

म्हणूनच जाणते खेळाडू यूट्यूबकडे वळतात. मॉर्टल २०१९ची पब्जी मोबाइल इंडिया सिरीज जिंकणाऱ्या ‘सोल’ संघात होता, पण आज त्याला ओळखणारे बहुतेक जण त्याच्या चॅनलमुळे ओळखतात. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला एक हजार सदस्य आणि १२ महिन्यांत चार हजार तास पाहिले जाणे (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज) लागते. चार हजार तास म्हणजे दोन लाख ४० हजार मिनिटे. सरासरी प्रेक्षक चार मिनिटे थांबला तर ६० हजार व्ह्यूज हवेत, आणि एवढे केल्यावर तुम्ही फक्त दारात पोहोचता. त्यानंतर मोठ्या व्हिडिओवरील जाहिरातीच्या १०० रुपयांतले ५५ तुमचे, शॉर्ट्सच्या वाट्यातले ४५ टक्के, तर लाइव्हमध्ये चाहत्यांनी पाठवलेल्या ‘सुपर चॅट’मधले ७० टक्के. चांगला नेमबाज आणि चांगला बोलका माणूस एकच असेल असे नाही. पैसे बऱ्याचदा दुसऱ्याला जास्त मिळतात.

सगळ्यात मोठा धोका कोणता?

फुटबॉलवर कुणाची मालकी नाही. बीजीएमआयवर आहे, ती दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीची. आणि तो गेम चालू राहणार की नाही, हे दिल्लीत ठरते. २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जी मोबाइलवर बंदी आली. २ जुलै २०२१ रोजी तो बीजीएमआय या नावाने परतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये साध्या फोनवरही चालणारा फ्री फायर बंद झाला. त्याच वर्षी जून-जुलैमध्ये बीजीएमआयची स्पर्धा थेट स्टार स्पोर्ट्सवर दिसली, आता हा खेळ टीव्हीवर आला म्हणून मंडळी खूश होती. आणि २८ जुलैला तो गेमही अ‍ॅप स्टोअरमधून गायब झाला. परतला मे २०२३ मध्ये, सुमारे दहा महिन्यांनी. या काळात ज्यांचे चॅनल होते ते तगले. ज्यांना फक्त खेळताच येत होते, त्यांचे हाल झाले. एखाद्या फलंदाजाला दहा महिने देशात बॅटच मिळू नये, तसा प्रकार.

नव्या कायद्याने काय बदलले?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन व नियमन करणारा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी, सेवा देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. ई-स्पोर्ट्सला मात्र या कायद्याने वेगळे काढून मान्यता दिली. प्रवेश शुल्क आणि कामगिरीवर आधारित बक्षीस चालेल, पैज चालणार नाही. (डिसेंबर २०२२ मध्येच हा विषय केंद्रीय क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला गेला होता.)

कागदावर ही चांगली बातमी आहे. पण अनेक स्ट्रीमरच्या व्हिडिओत मध्येच येणारी रमी आणि फँटसी अ‍ॅपची जाहिरात आठवा. तो पैसा आता बंद, कारण अशी जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एखाद्या छोट्या चॅनलला अनोळखी अ‍ॅपकडून ‘प्रमोशन’चा मेसेज आला तर पालकांनी हा आकडा मुलासमोर ठेवावा.

करार करताना काय पाहावे?

१८ वर्षांखालील मुलाचा करार भारतात कायद्याने टिकत नाही, त्यामुळे सही पालकांनाच करावी लागते. मग नीट वाचूनच करा. बक्षिसातला संस्थेचा वाटा किती, चॅनल कुणाच्या नावावर, मध्येच सोडायचे असेल तर किती भरावे लागेल, आणि गेमच बंद पडला तर मानधन चालू राहील का? शेवटचे कलम सगळ्यात आधी शोधा. बीजीएमआयमध्ये १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांचीच मर्यादा आहे, तेव्हा ‘दहा तास सराव करावाच लागतो’ हे दहावीतल्या मुलाचे म्हणणे गेमच्या नियमातच बसत नाही.

खेळणे हाच एक रस्ता आहे असेही नाही. स्पर्धेच्या मंचामागे समालोचक, प्रशिक्षक, खेळाचे विश्लेषण करणारे, ग्राफिक्सवाले, आणि गेमच्या आतला कॅमेरा फिरवणारे ‘ऑब्झर्व्हर’ लागतात. शेवटच्या झोनमध्ये कुणाची चकमक पडद्यावर दाखवायची हे तो ऑब्झर्व्हर क्षणात ठरवतो, आणि त्याला खेळाडूइतकाच गेम कळावा लागतो. स्पर्धा भरवणाऱ्या नॉडविनमध्ये मोठी गुंतवणूक असलेली नझारा टेक्नॉलॉजीज ही कंपनी मुंबईचीच. बदलापूरहून मुंबई गाठायला लोकल आहे. फक्त अंतिम सामने रात्री उशिरापर्यंत चालतात, तेव्हा परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ बघून ठेवलेली बरी.