सकाळी आठच्या आत

निशी-कासाईला भाचीच्या घरी पोचले त्या रात्री तिने चहा ठेवायच्या आधी मला फ्रिजच्या दारावरचा कागद दाखवला. चुंबकाने लावलेला, घड्या पडलेला, चित्रांनी भरलेला. "मावशी, बाकीचं हळूहळू कळेल तुला. हे मात्र उद्यापासूनच लागेल," ती म्हणाली. तो कचऱ्याच्या वारांचा तक्ता होता. आठवड्यातून दोन दिवस जाळायचा कचरा, एक दिवस पुन्हा वापरात येणारा कागद, काच आणि डबे, महिन्यातून दोनदा न जाळायचा. आणि सगळ्यांना एकच अट: त्याच दिवशी सकाळी, आठच्या आत. आदल्या रात्री पिशवी बाहेर ठेवायची नाही.

निशी-कासाई टोकियोच्या पूर्व टोकाला, एडोगावा वॉर्डात आहे. पूर्वी इथे उथळ समुद्र होता आणि लोक समुद्री शेवाळाची शेती करत. 1962 साली कोळ्यांनी मासेमारीचे हक्क सोडले, मग भराव पडला, वर इमारती उठल्या आणि 1979 मध्ये तोझाई मार्गावर स्टेशन आलं. 2000 च्या सुमारास संगणकातल्या वर्षबदलाच्या कामासाठी भारतीय इंजिनियर आले, ते इथेच स्थिरावले. ओतेमाचीच्या कचेऱ्यांना सरळ गाडी होती आणि इथल्या सार्वजनिक वसाहतींत घर घ्यायला जामीनदार लागत नव्हता. 2019 मध्ये एडोगावाच्या वॉर्ड सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक मूळचे आपल्याकडचेच. संध्याकाळी फलाटावर मराठी कानावर पडतं. भाची मात्र आता वसाहत सोडून मागच्या एका गल्लीत दुमजली इमारतीत राहते, आणि मला जे बघायला मिळालं ते त्या गल्लीमुळे.

कचऱ्याचं काम सिंकपासून सुरू होतं. मोरीच्या भोकात बारीक जाळीची पिशवी बसवलेली असते. चहाचा चोथा, भेंडीची देठं, बटाट्याची सालं तिच्यात पडतात. रात्री भाची ती पिशवी काढते आणि दोन्ही हातांनी पिळते. ओलं धुणं पिळावं तशी. पाणी गळायचं थांबलं की जुन्या कागदात गुंडाळून मोठ्या पारदर्शक पिशवीत टाकते. तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही, कागदाच्या बोळ्यांत टिपून घ्यायचं. दुधाचा खोका धुवायचा, कापून सपाट करायचा, वाळत घालायचा. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण वेगळं, वरचं वेष्टन वेगळं, बाटली विसळून चेपलेली. पहिल्या आठवड्यात मला हे सगळं फार वाटलं. घरात चार चार पिशव्या, आणि कुठली वस्तू कुठल्या पिशवीत हे विचारत बसायचं.

तक्त्यावर छापलेलं असतं "मोयासु गोमी". लोक बोलताना पुष्कळदा "मोएरु गोमी" म्हणतात. मोएरु म्हणजे जळणारा, मोयासु म्हणजे जाळायचा. भाचीने हा फरक सांगितला तेव्हा मी तिला तो दोनदा उच्चारायला लावला. जळतं तर पुष्कळ काही. त्यातलं काय जाळायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं, आणि ते ठरवणं छापील शब्दाने घराघरावर सोपवलेलं आहे.

गल्लीत कचराकुंडी नाही. विजेच्या खांबाच्या पायथ्याशी दोन हात लांबीची जागा, तिथे घडी घातलेली निळी जाळी आणि भिंतीवर वारांची पाटी, एवढंच. सातपासून लोक यायला लागतात. शाळेच्या गणवेशातला मुलगा, टाय बांधलेला गृहस्थ, चपला फरफटत येणारे एक आजोबा. प्रत्येक जण वाकतो, जाळीची कड उचलतो, पिशवी आत सरकवतो आणि कड पुन्हा पिशव्यांखाली दाबतो. हा शेवटचा दाब महत्त्वाचा. समोरच्या तारेवर कावळे बसलेले असतात. हा आपल्या डोमकावळ्याचा जवळचा नातलग, चोच तेवढीच जाड आणि नजर तेवढीच पक्की. 2001 साली टोकियोत असे छत्तीस हजारांवर कावळे मोजले गेले, आणि मग सरकारने त्यांना पकडण्याची मोहीमच काढली. पण गल्लीपुरतं बोलायचं तर कावळ्यावरचा खरा उपाय ही जाळीची दाबलेली कड.

त्या आठवड्यात पाळी शेजारच्या आजींची होती. पंच्याहत्तरीच्या असाव्यात. जपानी भाषेत या पाळीला तोबान म्हणतात, आणि ती गल्लीतल्या घरांत फिरते. आजी आठ वाजता येऊन जाळी नीट करत, गाडी गेली की केरसुणी आणि पाण्याची बाटली घेऊन पुन्हा येत. जागा झाडायची, पाणी टाकून घासायची, जाळी झटकून घडी घालायची. आठवडा संपला की पाळीची छोटी लाकडी पाटी पुढच्या घराच्या दाराला अडकवायची. मी मदतीला गेले तेव्हा त्यांनी केरसुणी दिली नाही, जाळीचं दुसरं टोक धरायला दिलं.

गाडी सव्वानवाच्या सुमारास येते. आपल्या घंटागाडीपेक्षा थोडी मोठी, मागे दाबयंत्र असलेली, आणि घंटा नसलेली. एक जण चालवतो, दोघं उतरतात. गाडी पुरती थांबायच्या आत एकाने जाळी बाजूला केलेली असते. एका हातात तीन तीन पिशव्या, पण त्या ते भिरकावत नाहीत, मागच्या तोंडात ठेवतात. पिशवी उचलताना दुसरा तळाशी क्षणभर बघतो आणि कान देतो. काच वाजते का, डबा खडखडतो का. फवाऱ्याचा भरलेला डबा किंवा फोनची बॅटरी दाबयंत्राखाली गेली तर गाडीतच आग लागते. म्हणून पिशवी पारदर्शक असते, आणि म्हणून ती नजर. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एक पिशवी उचलली नाही. ती माझी होती. लोणच्याची काचेची बरणी मी सालींबरोबर टाकली होती. पिशवीवर चिकटपट्टी लावलेली, तिच्यावर छापलेल्या कारणांपैकी एकावर पेनाने खूण. कुणी काही बोललं नाही. आजींनी पिशवी उन्हातून उचलून आमच्या दारात सावलीला आणून ठेवली होती. संध्याकाळी मी बरणी काढली, तेल जाईपर्यंत गरम पाण्याने धुतली आणि काचेच्या दिवसाची वाट बघत ओट्यावर ठेवली.

त्याच सुमारास घरात एक पेला फुटला. मी तुकडे गोळा करत होते, तेवढ्यात भाचीने वर्तमानपत्र आणलं. तुकडे त्यात गुंडाळले, चिकटपट्टी लावली आणि जाड पेनाने वर लिहिलं: किकेन. म्हणजे धोका. न जाळायच्या कचऱ्यात तो पुडा गेला. मला इथे थांबावंसं वाटतं. तो शब्द वाचणारा माणूस भाचीला माहीत नाही, तो तिला कधी भेटणार नाही. तरीही तिने अक्षर मोठं आणि स्पष्ट काढलं, त्याच्या हातासाठी. आपल्याकडे फुटलेली काच पिशवीत तशीच जाते आणि कचरा वेचणाऱ्या बाईचा तळवा कापतो. मी स्वतः अनेक वर्षं ती तशीच टाकली आहे.

भाचीने एके दिवशी मला अराकावा नदीपलीकडच्या शिन-कोतो कारखान्यात नेलं. 1998 पासून चालणाऱ्या या भट्ट्यांत दिवसाला 1800 टन कचरा जाळता येतो. काचेमागे एक प्रचंड खड्डा, त्यात गल्ल्यागल्ल्यांतल्या पिशव्या. वरून लोखंडी पंजा उतरतो, मूठभर उचलतो, वर नेतो आणि पुन्हा तिथेच सोडून देतो. मला वाटलं यंत्र चुकतंय. पण तो कचरा कालवत होता. ओलं आणि सुकं सारखं मिसळलं नाही तर भट्टीचा आठशे अंशांवरचा ताप टिकत नाही. त्या क्षणी भाचीचं रात्रीचं ते पिळणं माझ्या ध्यानात आलं. ओल्या कचऱ्यात पाणीच फार, आणि सिंकमध्ये न पिळलेलं पाणी इथे आगीला उकळवावं लागतं. निघालेल्या वाफेवर वीज तयार होते, आणि कारखान्याच्या उष्णतेवर शेजारी एक काचघर चालतं, त्यात केळी आणि नेचे वाढतात.

ते काचघर ज्या जमिनीवर आहे तिचं नाव युमेनोशिमा, स्वप्नांचं बेट. 1957 ते 1967 टोकियोने तिथे कच्चा कचरा टाकला. 1965 च्या उन्हाळ्यात माश्यांचे थवे कोतो वॉर्डातल्या घरांत आणि शाळांत घुसले, शेवटी तेल ओतून बेटाचा भाग जाळावा लागला. बिकिनीच्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीत 1954 साली राख झेललेली दाइगो फुकुर्यू मारू ही मासेमारी नावसुद्धा पुढे याच कचऱ्यात टाकून दिली होती. लोकांनी आवाज उठवून ती वाचवली, आज ती तिथेच छपराखाली उभी आहे.

जपानी माणूस जात्याच स्वच्छ, असं आपण ऐकत आलो. युमेनोशिमा पाहिल्यावर ते मला पटत नाही. शहराचा सगळा कचरा कोतोने का सोसायचा, हे भांडण इतकं पेटलं की 1971 मध्ये गव्हर्नर र्योकिची मिनोबे यांनी त्याला कचरायुद्ध म्हटलं. सुगिनामी वॉर्डातले लोक आपल्या भागात भट्टी होऊ देईनात, तेव्हा कोतोने सुगिनामीच्या गाड्या अडवल्या. सुगिनामीत भट्टी उभी राहायला 1982 उजाडलं. मी पुण्याची. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी आमच्या गाड्या अडवल्या तेव्हा शहरात लोक त्यांच्यावरच चिडले होते, हे मला आठवतं. कोतोतल्या लोकांचा राग योग्य होता, तसा फुरसुंगीचाही. आजींच्या केरसुणीत तो राग मुरलेला आहे, असं मी मानते. आपला कचरा दुसऱ्याच्या दारात गेला तर काय होतं, हे त्यांच्या पिढीने पाहिलं आहे.

जाळून उरलेल्या राखेतली काही सिमेंटला जाते. बाकीची टोकियोच्या आखातातल्या भरावात पडते. सध्याचा भराव हा टोकियो बंदरात करता येण्याजोगा शेवटचा आहे. त्यानंतर तिथे जागा नाही.