नाव गेलं, फाइल राहिली

विंडोजवरून लिनक्सवर आलेला माणूस आधी सी आणि डी ड्राइव्ह शोधतो. इथे ते नसतातच. सगळं एकाच 'रूट'खाली: सेटिंग्ज 'ईटीसी'त, लॉग 'व्हार'मध्ये, वापरणाऱ्यांच्या फाइली 'होम'मध्ये. पेनड्राइव्ह लावला तर तोही याच रचनेतल्या एखाद्या फोल्डरवर 'माउंट' होतो. कुठे काय ठेवायचं याचं लेखी मानक 1994 पासून आहे. ते वाचून पाठ होतं.

फोल्डरच्या आत काय असतं, ते मात्र करून पाहावं लागतं. फोल्डरमध्ये फाइल नसतेच. असते ती हजेरीपटासारखी यादी, नाव आणि त्यापुढे आयनोडचा क्रमांक. फाइल कोणाची, केवढी, कोणाला वाचता येईल, डिस्कवर कुठे आहे, हे सगळं आयनोडमध्ये. नाव तेवढं तिथे नसतं. 'एलएस' कमांडला 'आय' हा पर्याय जोडा, प्रत्येक नावाआधी हा आकडा दिसेल. 'एलएन'ने त्याच आकड्याला दुसरं नाव देता येतं. मग दोन्ही नावं सारख्याच हक्काची. त्यातलं अस्सल कुठलं, हा प्रश्नच उरत नाही.

'आरएम' पुसते ते नाव. शेवटचं नाव गेलं आणि कुठल्याही चालू प्रोग्रामने फाइल उघडून धरलेली नसली, तरच जागा मोकळी होते. सर्व्हर सांभाळायला शिकणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम दाखवतो. प्रोग्राम लॉगमध्ये लिहीत असतानाच तो भला मोठा लॉग उडवायचा. यादीतून नाव जातं, 'डीयू'ची बेरीज उतरते, पण 'डीएफ' डिस्क तितकीच भरलेली दाखवतं. 'एलएसओएफ' चालवलं की ती फाइल सापडते, ओळीच्या शेवटी 'डिलीटेड' असा शेरा घेऊन. प्रोग्राम थांबवला, की जागा सुटली.

कुणाला हा दोष वाटेल. मला हे या रचनेतलं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं. यामुळेच चालू सर्व्हरवर लायब्ररी बदलता येते: नव्या फाइलला जुनं नाव मिळतं आणि आधीपासून चालू असलेले प्रोग्राम जुन्या आयनोडवर न अडखळता काम करत राहतात.

त्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. सुरक्षेचा अपडेट टाकून काम संपत नाही. ती लायब्ररी वापरणारी प्रत्येक सेवा रीस्टार्ट करा, नाहीतर जुना सदोष कोडच चालू राहतो.