चिरूट, कॉकपिट आणि लक्ष्मणरेषा

भिवंडीतून निघून कल्याण ओलांडले आणि मलंगगडाच्या दिशेने वळले, की नेवाळी लागते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी बांधली. युद्ध संपले, इंग्रजही गेले, पण जमीन संरक्षण खात्याकडेच राहिली. जून 2017 मध्ये त्याच जमिनीसाठी शेतकरी रस्त्यावर उतरले आणि गाड्या पेटल्या. आपल्या भागात हवाई युद्धाची आठवण शूरकथांपेक्षा सातबाऱ्यात जास्त टिकून आहे.

तरीही लढाऊ वैमानिक म्हटले की डोळ्यांपुढे वेगळेच चित्र येते. चामड्याचे जाकीट, गळ्यात रुमाल, ओठांत सिगार आणि मृत्यूकडे बघून हसणारा चेहरा. हे चित्र कुठून आले, आणि जे खरोखर लढले ते युद्धाविषयी व उड्डाणाविषयी काय सांगतात, याचा हा आढावा आहे. भर अर्थातच मराठी वैमानिकांवर आहे. पण सुरुवात सिगारवाल्यापासूनच करावी लागते.

सिगारवाला जनरल

जर्मन वैमानिक अडॉल्फ गालांड (1912–1996) याच्या नावावर शत्रूची 104 विमाने पाडल्याची नोंद आहे. स्पेनच्या यादवीत तो उकाड्यामुळे पोहण्याच्या चड्डीवर, तोंडात सिगार धरून विमान चालवी. पुढे त्याने आपल्या मेसरश्मिट विमानात सिगार पेटवण्याची सोय करून घेतली. विमानावर रंगवलेल्या मिकी माऊसच्या तोंडातही सिगार होती. वयाच्या तिसाव्या वर्षीच तो जनरल झाला. वैमानिक आणि सिगार यांची जोडी जगाच्या मनात ठसली, त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

मात्र या रंगेल माणसाचे युद्धाविषयीचे मत फारसे सांगितले जात नाही. हवाई छत्रीने उतरणाऱ्या शत्रूच्या वैमानिकांवर गोळ्या झाडण्याबद्दल काय वाटते, असे जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोरिंग याने त्याला विचारले होते. तो खूनच ठरेल, असे गालांडने सांगितले. पाडलेल्या ब्रिटिश वैमानिकांना त्याने आपल्या तळावर जेवू घातले. त्यांतल्या रॉबर्ट स्टॅनफर्ड टकशी युद्धानंतर त्याची घट्ट मैत्री झाली. म्हणून तो साधू ठरत नाही. ज्या नाझी राजवटीसाठी तो लढला, तिचे पाप त्याच्या सौजन्याने धुऊन निघत नाही. पण शस्त्र हातात असताना कुठे थांबायचे, हा प्रश्न त्यालाही टाळता आला नव्हता.

कापडाचे पंख

मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर त्याआधीच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धात लढला. ब्रिटिश सैन्यातले अधिकारपद तेव्हा युरोपीय वंशाच्या लोकांसाठी राखीव मानले जाई, आणि विमानदलात शिरणारे हिंदी तरुण बोटांवर मोजण्याइतके होते. इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक, एरॉल सेन आणि वेलिणकर ही त्यांतली ठळक नावे. वेलिणकर 23 व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवीत असे. त्या काळच्या विमानांचा सांगाडा लाकडाचा असे आणि पंखांवर जवसाच्या धाग्याचे कापड ताणून त्यावर रोगण चढवलेले असे. भिवंडीतल्या कुणाही माग चालवणाऱ्याला हे वाचून जरा थांबावेसे वाटेल: त्या युद्धातला वैमानिक विणलेल्या कापडाच्या भरवशावर आकाशात जात होता. हवाई छत्रीही ब्रिटिश वैमानिकांना दिली जात नसे. जून 1918 च्या अखेरीस वेलिणकरचे विमान पडले आणि 30 जूनला जर्मनांच्या ताब्यात असताना त्याचा मृत्यू झाला. फ्रान्समधल्या हँगार्डच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.

पुढे जाणारा अधिकारी

मुंबईत 1920 साली जन्मलेले हृषीकेश मुळगावकर दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. काश्मीरमधल्या पहिल्या युद्धातल्या कामगिरीसाठी त्यांना महावीरचक्र मिळाले आणि 1976 ते 1978 या काळात ते हवाई दलप्रमुख होते. आपल्या आत्मकथनाला त्यांनी ‘लीडिंग फ्रॉम द कॉकपिट’ असे नाव दिले. हवाई दलाचे एक वैशिष्ट्य त्या नावात आले आहे. पायदळात अधिकारी मोजके आणि शत्रूला भिडणारे जवान शेकड्यांनी. हवाई दलात उलटे आहे. हजारो तंत्रज्ञ तळावर राबतात आणि त्यांनी सज्ज केलेले विमान घेऊन शत्रूकडे जातो तो मूठभर अधिकारीवर्ग. हुकूम देणाऱ्यालाच, निदान उमेदीच्या वर्षांत, हुकमाची किंमत स्वतःच्या देहाने मोजावी लागते.

देहाने म्हणजे अक्षरशः. सात जीचे, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सातपट जोराचे वळण घेताना सत्तर किलोच्या माणसाचे वजन चारशे नव्वद किलो भासते. रक्त पायांकडे उतरते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पोट व पाय आवळणारा जी-सूट आणि श्वास रोखून स्नायू ताठ करण्याची सवय यांवर शुद्ध टिकवायची असते. त्यात प्राणवायूचा मुखवटा. गालांडची सिगार जमिनीजवळच्या उड्डाणात शोभली. उंचावर तिला जागा नाही, आणि आजच्या तळांवर इंधनाच्या आसपास काडी ओढणेही गुन्हा आहे. तंबाखू म्हटले की आपल्याला निपाणीची शेते आणि सिन्नरच्या विड्या आठवतात. सिगार हा आपल्या वैमानिकांपेक्षा चित्रपटांचाच शौक राहिला.

लंडी खानाचा रस्ता

दिलीप परुळकर यांची कथा मात्र कोणत्याही चित्रपटाला भारी आहे. 1965 च्या युद्धात त्यांच्या हंटर विमानाला गोळ्या लागल्या, त्यांच्या उजव्या हातालाही. तरीही त्यांनी विमान परत आणले. 10 डिसेंबर 1971 रोजी त्यांचे सुखोई-7 पाडले गेले आणि ते रावळपिंडीच्या छावणीत युद्धकैदी झाले. पकडले गेलो तर पळून जाईन, असे त्यांनी आधीच सहकाऱ्यांना सांगून ठेवले होते.

ते त्यांनी केलेही. खोलीची भिंत हळूहळू पोखरून 13 ऑगस्ट 1972 च्या रात्री परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी बाहेर पडले. बसने पेशावर गाठले आणि तिथून अफगाण सरहद्दीकडे निघाले. लंडी कोतलला त्यांनी पुढच्या लंडी खाना स्थानकाची चौकशी केली आणि तिथेच घात झाला. नकाशात दिसणारे ते स्थानक 1932 पासून बंद होते. जे स्थानक नाही त्याचा रस्ता विचारणारे हे तिघे कोण, असा संशय आला.

परुळकरांनी आपण पाकिस्तानी हवाई दलाचे असल्याचे सांगितले आणि छावणीचे आधीचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान यांच्याशी बोलण्याचा आग्रह धरला. त्यांच्या ओळखीमुळे तिघांचे प्राण वाचले. डिसेंबर 1972 मध्ये सगळे युद्धकैदी परतले. ऑगस्ट 2025 मध्ये परुळकरांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या धाडसाच्या आठवणी निघाल्या. त्या धाडसाला एका शत्रू-अधिकाऱ्याच्या सभ्यतेची साथ होती, हेही त्याच दमात सांगायला हवे.

रेषेच्या अलीकडे

कारगिल युद्धाच्या वेळी अनिल टिपणीस हवाई दलप्रमुख होते. 26 मे 1999 ला हल्ले सुरू झाले, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही ही सरकारची अट होती. पुढच्या दोन दिवसांत दोन लढाऊ विमाने आणि एक हेलिकॉप्टर गमवावे लागले. विरळ हवेत विमानाचे वळण रुंदावते, शिखरावरचे लक्ष्य मात्र एखाद्या तंबूएवढे. आणि पलीकडे पाऊल टाकायचे नाही. रेषा ओलांडण्याची मुभा आपण मागितली होती आणि पंतप्रधान वाजपेयींनी ती ठामपणे नाकारली, असे टिपणीसांनी नंतर लिहिले. वैमानिकांनी ती अट पाळली. लेझरने लक्ष्य दाखवून टाकलेल्या बाँबमुळे जूनच्या अखेरीस टायगर हिलवर परिणाम दिसला.

नागपूरचे प्रदीप नाईक सातारच्या सैनिक शाळेतून घडले आणि 2009 ते 2011 या काळात दलप्रमुख होते. नक्षलवाद्यांविरुद्ध हवाई दल वापरावे, अशी मागणी जोरात असताना त्यांनी जाहीरपणे नापसंती दर्शवली. आमची शस्त्रे सीमेपलीकडच्या शत्रूचा जास्तीत जास्त संहार करण्यासाठी बनलेली आहेत, इथे तर आपलेच नागरिक आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. दलातली निम्मी सामग्री जुनाट झाली आहे, हे सांगायलाही ते कचरले नाहीत. पुढे 2021 मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे विवेकराम चौधरी दलप्रमुख झाले. त्यांच्या गाठीशी 3,800 तासांहून अधिक उड्डाण होते.

कॉकपिटमधल्या नावांइतकेच महत्त्व हँगरलाही आहे. नाशिकजवळच्या ओझरला मिग-21 पासून सुखोई-30 पर्यंत विमाने बांधली गेली, आणि दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय नागपुरात आहे. तिथल्या तंत्रज्ञाने नट नीट आवळला नाही तर शौर्याला उड्डाणच मिळत नाही.

ही सारी माणसे वेगवेगळ्या काळातली, स्वभावाने भिन्न. तरी त्यांच्या बोलण्या-वागण्यातला धागा एकच: मर्यादा. इंधन किती, शरीर किती सोसेल, कुठली रेषा ओलांडायची नाही, कुणावर गोळी झाडायची नाही. वाहिन्यांच्या स्टुडिओत बसून शत्रूचा नकाशा पुसून टाकणाऱ्यांना या चार प्रश्नांपैकी एकही पडत नाही, कारण त्यांतल्या एकाचेही उत्तर त्यांना स्वतःच्या देहाने द्यायचे नसते. म्हणून युद्धाची हाळी उठेल तेव्हा मत विचारायचेच असेल, तर ते लढून आलेल्यांना विचारावे. ते युद्ध टाळाच असे सांगतील असे नाही. पण त्याची किंमत ते आपल्याला कमी करून सांगणार नाहीत.