पुडी बांधण्यापूर्वी



लहानपणी अम्मी मला वाण्याकडे पिटाळायची. पावशेर डाळ, थोडे जिरे, चहाची पूड. वाणी कागद फाडायचा, माल घालायचा आणि दोरा गुंडाळून पुडी हातात द्यायचा. डाळ काही त्याने पिकवलेली नसे. तरी डाळीत खडा निघाला, तर अम्मी शेतकऱ्याला नव्हे, वाण्यालाच बोल लावायची. पुडी बांधणाऱ्याने निवडून द्यायचे असते, हा तिचा साधा न्याय.

गेल्या ईदला माझा संगणकवाला भाचा घरी आला होता. मी त्याला हे सांगितले, तर तो म्हणाला, "मामू, आमच्याकडेही असेच पुडी बांधणारे असतात." त्या रात्री त्याने मला 'डेबियन'ची गोष्ट सांगितली. आज तीच तुम्हाला सांगतो.

डेबियन ही संगणक चालवणारी मूळ प्रणाली. इयान मरडॉक या तरुणाने १९९३ साली ती सुरू केली. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान, या दोन नावांची सांधणी म्हणजे डेबियन. कवी नावात फार तर गाव गुंफतात, याने प्रेम गुंफले! या प्रणालीला मालक नाही. जगभरचे सुमारे हजार सभासद आणि त्यांचे असंख्य मदतनीस ती सांभाळतात, तेही आपापली नोकरी-धंदा सांभाळून.

यातले बरेचसे लोक नवा प्रोग्राम लिहीत नाहीत. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम घ्यायचा, तपासायचा, तो कोणत्या प्रोग्रामच्या आधाराने चालतो ते नोंदवायचे आणि सहज बसवता येईल असे त्याचे 'पॅकेज' करायचे, हे त्यांचे काम. म्हणजे आपली पुडीच. प्रत्येक पुडीत एक चिठ्ठी असते. हा प्रोग्राम कोणाचा, तो कोणत्या अटींवर वापरता येईल, हे तिच्यात लिहिलेले असते.

पुड्या हजारो आणि बांधणारे देशोदेशीचे. मग एकाची पुडी दुसऱ्याच्या पुडीवर सांडू नये म्हणून नियमांचे एक पुस्तकच आहे. त्यात 'केलेच पाहिजे', 'करावे' आणि 'केले तरी चालेल' असे तीन दर्जे आहेत. 'केलेच पाहिजे' हा नियम मोडला, तर पुडी पुढच्या आवृत्तीतून बाद होऊ शकते. 'करावे' मोडले तर दोष नोंदवला जातो, पण सहसा गाडी अडत नाही. साहजिकच एका क्रियापदावरून इथे दीर्घ चर्चा होतात. एका मात्रेसाठी रात्र जागवणाऱ्या माझ्यासारख्या गझलवाल्याला याचे नवल वाटले नाही.

पण सर्वांत मोठा वाद क्रियापदाचा नव्हता, तत्त्वाचा होता. डेबियनने १९९७ साली समाजाशी एक लेखी करार केला. त्यातले पहिले वचन असे, की डेबियन शंभर टक्के मुक्त राहील. म्हणजे त्यातला प्रत्येक प्रोग्राम कोणालाही वाचता, बदलता, वाटता येईल. चौथे वचन असे, की वापरणारी माणसे आणि मुक्त सॉफ्टवेअर या दोहोंना आम्ही अग्रक्रम देऊ. कागदावर दोन्ही वचने सुखाने नांदत होती. भांडण लावले ते 'फर्मवेअर'ने.

संगणकातल्या वायफायच्या किंवा आवाजाच्या भागाला जागे करण्यासाठी एक छोटा प्रोग्राम लागतो, तो फर्मवेअर. अनेक कंपन्या तो फुकट देतात, पण आत काय लिहिले आहे ते दाखवत नाहीत. म्हणजे तो मुक्त नाही. म्हणून डेबियनच्या अधिकृत तबकडीत त्याला जागा नव्हती. परिणाम काय? नव्या लॅपटॉपवर वायफाय चालत नाही, कारण फर्मवेअर नाही. ते इंटरनेटवरून आणावे, तर वायफाय नाही. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप! काही लॅपटॉपवर आवाजच उमटत नसे. डोळसाची ही गैरसोय, पण संगणकाचे बोलणे ऐकून काम करणाऱ्या अंध माणसाला दारच बंद.

फर्मवेअरसह तयार केलेल्या तबकड्या होत्या, पण त्या अनधिकृत. नवख्याला त्या सापडणे कठीण.

एक बाजू म्हणे, बंद प्रोग्राम आम्हीच हातात ठेवला, तर कंपन्या कशाला बदलतील? शंभराचे नव्याण्णव झाले की वचन संपले. दुसरी म्हणे, हीच गुपिते कित्येक यंत्रांच्या पोटात आधीच भरलेली असतात, ती आपण चालवून घेतो. मग बाहेरून भरण्यालाच नकार देऊन शिक्षा कोणाला? ज्याला आपण अग्रक्रम दिला त्यालाच ना?

दोन्ही बाजू खऱ्या होत्या. २०२२ साली मतदान झाले. मतपत्रिकेवर सहा प्रस्ताव, आणि सातवा पर्याय 'यांपैकी काहीही नको'. एकावर शिक्का मारायचा नाही, आपल्या पसंतीचा क्रम लावायचा. मग प्रत्येक पर्यायाची दुसऱ्या प्रत्येकाशी तुलना होते. कराराला हात लावायचा, तर 'काहीही नको'च्या तुलनेत तिप्पट पाठिंबा हवा. जिंकला तो करार बदलणारा प्रस्ताव. अधिकृत तबकडीत गरजेचे फर्मवेअर ठेवता येईल, असे एक वाक्य करारात वाढले. पण त्या पुड्या वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या नावाने ठेवायच्या. काय वापरले ते माणसाला सांगायचे, आणि नको असेल तर शक्य तिथे नाकारण्याची सोय द्यायची. जून २०२३ मध्ये 'बुकवर्म' ही आवृत्ती याप्रमाणे बाहेर पडली.

हे ऐकताना मला आमचे गावातले कविमंडळ आठवले. आम्ही एक मराठी काव्यसंग्रह काढणार होतो. एका ज्येष्ठ कवीच्या दखनी रचना त्यात घ्याव्यात की नाहीत, यावरून वाद पेटला. संग्रह निखळ मराठी हवा, असे काहींचे म्हणणे. ते गावचे, आमच्यातलेच आहेत, असे इतरांचे. मी निखळपणाच्या बाजूने बोललो होतो, हे आज कबूल करतो. आमच्याकडे ना लेखी करार होता, ना मत मांडायची रीत. आवाज चढले, खुर्च्या सरकल्या. संग्रह निघाला नाही, मंडळही राहिले नाही. ते कवी पुढे वारले. त्यांच्या रचना वहीतच राहिल्या.

वेगळा कप्पा करून, वर स्पष्ट नाव घालून त्या छापता आल्या असत्या, हे आम्हाला सुचले नाही. निखळपणाही राहिला असता आणि माणूसही.

डेबियनमध्ये सगळे गोडीगुलाबीने चालते असे नाही. २०१४ सालच्या दुसऱ्या एका वादानंतर काही जण बाहेर पडले आणि त्यांनी 'डेव्हुआन' नावाची वेगळी चूल मांडली. पण जातानाही त्यांना सगळी भांडी सोबत नेता आली, कारण ती सर्वांचीच होती.

पुडीत काय घालायचे, यावर भांडावे जरूर. फक्त भांडणापूर्वी चिठ्ठी लिहून ठेवावी, आणि पुडी कोणासाठी बांधतो आहोत ते विसरू नये.