कॉफी, वाइन आणि शरीराचा हिशेब

माणसाने जी पेये केवळ तहान भागविण्यासाठी नव्हे, तर मनाच्या तोषासाठी जवळ केली, त्यांत कॉफी आणि वाइन यांचे स्थान वरचे आहे. दोहोंचे रसिक सारखेच चोखंदळ. जमीन, हवा, फळाची पक्वता आणि करणाऱ्याचा हात यांची पारख दोन्हीकडे चालते. बाबा बुदन यांनी येमेनमधून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरांत कॉफी रुजली, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. नाशिकच्या द्राक्षमळ्यांची वाइन त्या मानाने अगदी अलीकडची. भोजनासोबत वाइन आणि भोजनोत्तर कॉफी, असा क्रम पाळणारेही पुष्कळ आहेत. तेव्हा या जोडीचे शरीराशी नाते काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

या दोन पेयांच्या लौकिकाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९९१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने, मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेने, कॉफीला संशयितांच्या यादीत बसविले. त्याच वर्षी अमेरिकन दूरचित्रवाणीने एक कोडे घरोघर पोहोचविले : फ्रेंच लोक लोणी आणि चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी कसा? तांबड्या वाइनमुळे, असे उत्तर सुचविले गेले आणि वाइनला जणू औषधाची प्रतिष्ठा लाभली. पुढे पारडे फिरले. २०१६ साली त्याच संस्थेने पुराव्याअभावी कॉफीवरील संशय मागे घेतला. मात्र ६५ अंश सेल्सियसहून अधिक कढत असे कोणतेही पेय अन्ननलिकेला अपायकारक ठरण्याचा संभव आहे, असे बजावले. मद्य तर १९८८ पासूनच कर्करोगकारक म्हणून नोंदलेले होते. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले, की आरोग्याला सर्वथा निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही.

वाइनची स्तुती फसली ती तुलनेतील दोषामुळे. न पिणाऱ्यांच्या गटात, आजारपणामुळे पिणे सोडलेली माणसेही मोजली गेली होती. साहजिकच बेताने पिणारे अधिक निरोगी दिसले. कॉफी पिणाऱ्यांत मधुमेह आणि यकृताचे विकार कमी आढळतात, हे खरे. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा न्याय कॉफीलाही लागू आहे.

आता शरीरातील व्यवहार पाहू. जागेपणी मेंदूत ॲडिनोसीन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेची हाक देते. कॉफीतील कॅफीन ही हाक ऐकू येऊ देत नाही. थकवा मात्र आत तसाच राहतो. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे सुमारे पाच तासांनंतरही शरीरात असते, म्हणून सायंकाळची कॉफी रात्री जागविते. वाइनमधील अल्कोहोल मेंदूचे काम मंदावते. झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री मोडते.

येथेच एक घातक गैरसमज उद्भवतो : वाइनवर कडक कॉफी घेतली की माणूस शुद्धीवर येतो. वस्तुतः १५० मिलिलिटर वाइनमध्ये, ती १२ टक्के अल्कोहोलची असेल तर, सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल असते. त्याचा निचरा करण्यास यकृताला दोन तासांच्या आसपास लागतात आणि कॉफी त्या कामाला तिळमात्र गती देत नाही. पेंग तेवढी जाते. हाताची आणि निर्णयाची चूक कायम राहते. आपण सावध आहोत असे वाटणारा हा मनुष्य पेंगणाऱ्यापेक्षाही धोकादायक, कारण तो गाडी चालवायला बसतो. भारतीय कायद्याने वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंतच अल्कोहोल क्षम्य मानले आहे. त्या मोजणीत कॉफीला वजावट नाही.

निरोगी प्रौढाने दिवसाकाठी ४०० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे सुमारे चार पेले कॉफीइतके, कॅफीन घेण्यास हरकत नाही, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली म्हटले. गर्भवतीसाठी ही मर्यादा निम्मी आहे आणि वाइन तर तिला पूर्ण वर्ज्य. जो वाइन पीत नाही, त्याने प्रकृतीसाठी ती सुरू करण्याचे कारण नाही. जो पितो, त्याने ती आवडीची वस्तू म्हणून थोडकी घ्यावी, औषध म्हणून नव्हे. आणि घरी परतताना गाडीची किल्ली न पिणाऱ्याच्या हाती द्यावी.